चंद्रपूरला केव्हा जावे

फेब्रुवारी 2012 मध्ये आपण चंद्रपूरला जाऊन आलो, असे सांगण्याची आम्हाला सवय झाली आहे. वस्तुतः आम्ही गेलो होतो ते साहित्य संमेलनाला. वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते आणि त्यांच्या कवितेवर जीव असलेल्या आम्हा दोघांना तेवढे निमित्त पुरेसे होते. मांडव, ग्रंथप्रदर्शन, भोजनाची रांग आणि मुक्कामाची खोली या चार बिंदूंमध्ये तीन दिवस हिंडून आम्ही पुस्तकांनी जड झालेल्या पिशव्या घेऊन परतलो. रिक्षा जटपुरा दरवाजाखालून गेली तेव्हा मान वर करून पाहिले, इतकाच काय तो शहराशी आमचा परिचय. या शहराला नदी आहे, एक नव्हे, इरई आणि झरपट अशा दोन आहेत, आणि त्यांच्या संगमाजवळ ते वसले आहे, हे घरी आल्यावर नकाशा उघडला तेव्हा कळले. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या माणसांना याची लाज वाटायला हवी होती. ती वाटायला बरीच वर्षे लागली.

तर यंदा पुन्हा जायचे ठरले. या वेळी संमेलन नाही, व्याख्यान नाही, कोणाच्या हस्ते काही नाही. शहर पाहायचे, नदीकाठी बसायचे आणि जवळचे ताडोबाचे अरण्य पाहायचे. प्रश्न एवढाच होता की केव्हा जावे. हा प्रश्न आम्ही ज्याला ज्याला विचारला त्याने क्षणाचाही विचार न करता एकच उत्तर दिले: एप्रिल किंवा मे. ऊन सोसत नसेल तर निदान मार्चअखेर किंवा एप्रिलचा आरंभ. चंद्रपूरचा उन्हाळा आम्हाला ऐकून ठाऊक होता. मे महिन्यात जिथे पारा 46-47 अंशांना टेकतो त्या गावी मुद्दाम उन्हाळ्यात जा असे शहाणी माणसे का सांगतात, हे आधी उमगेना. मग एका वन्यजीवप्रेमी स्नेह्याने खुलासा केला. पावसाळ्यानंतर रान दाट असते, नालेओढे भरलेले असतात आणि जनावर कुठेही पाणी पिते. हिवाळा सरतो, पानगळ होते, पाणी आटत जाते. चैत्र-वैशाखात सगळ्या रानाचे पाणी काही तळ्यांत आणि वनखात्याने बांधलेल्या पाणवठ्यांत उरते. मग वाघाला शोधत हिंडावे लागत नाही. जिप्सी पाणवठ्याशी उभी करायची आणि वाट पाहायची. तो येतोच. 'त्याला यावेच लागते,' असे आमचे स्नेही म्हणाले आणि हसले.

त्यांच्या हसण्यात वावगे काही नव्हते. परंतु ते वाक्य आमच्या नियोजनात जे शिरले ते निघाले नाही. म्हणजे आम्ही ज्याला प्रवासाचा हंगाम म्हणत होतो तो एका प्राण्याच्या अगतिकतेचा हंगाम होता. उन्हाळ्याविषयी आपल्या साहित्यात काही कमी लिहिलेले नाही. दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्रा'चा आरंभ चैत्राने होतो आणि ते पुस्तक वर्गात शिकवताना पालवी, मोहोर, कोवळ्या पानांचे रंग यांवर आम्ही तासच्या तास घालवले आहेत. सृष्टीच्या तहानेवर किती मिनिटे घालवली ते आठवत नाही.

आमच्यापैकी एकाचे मत पडले की हा हळवेपणा आहे. वाघ पाणी पिणारच, आपण तिथे असू वा नसू. उलट पर्यटनाच्या पैशावर त्याचे रान टिकते. दुसऱ्याला हे मान्य होते, तरीही नोंदणीचे पान उघडून तारीख निवडायला हात धजावेना. असो. घरातले वाद असेच चालतात. तोवर आम्ही शहराविषयी वाचायला घेतले, आणि तिथेही पहिल्याच पानावर तहानच भेटली.

चांद्याच्या स्थापनेची दंतकथा बहुतेकांनी अर्धीच ऐकलेली असते: सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला, राजाने ते शुभचिन्ह मानले आणि सशाच्या धावेच्या रेषेवर कोट बांधला. ही कथेची उत्तरार्धातली गंमत झाली. पूर्वार्ध असा की गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपूरला राज्य करीत होता आणि त्याच्या अंगभर गाठी उठलेल्या होत्या. एकदा शिकारीच्या नादात तो दूर आला, तहानेने व्याकूळ झाला आणि झरपटेच्या कोरड्या पात्रातून पाणी शोधीत निघाला. पात्रातल्या एका खळग्यात थोडे पाणी दिसले. ते तो प्यायला, हातपाय-तोंड धुतले आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तो अंगावरच्या गाठी नाहीशा झालेल्या. त्या जागी गवत उपसल्यावर खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे निघाले, पाण्याने भरलेले, आणि उपसले तरी न आटणारे. तेच पुढे अचलेश्वराचे स्थान झाले आणि त्याच्या आधाराने शहर उभे राहिले.

कथेत नदी कोरडी आहे, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. नगरांच्या उत्पत्तिकथांत नद्या सहसा दुथडी भरून वाहतात. इथे राजा वाळूतून चालतो आहे, जनावराने शोधावे तसे पाणी शोधतो आहे. शिकारीच्या बाजूने निघालेला माणूस तहानेने सावजाच्या बाजूला जाऊन पडतो आणि मग राज्य त्याच जागी हलवतो. ज्याने कोणी ही कथा प्रथम सांगितली त्याने ती बहुधा उन्हाळ्यातच सांगितली असावी.

झरपटेकाठचे महाकालीचे देऊळ राणी हिराईने बांधले. तिथली यात्रा भरते ती चैत्रात, पौर्णिमेपर्यंत. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड-परभणीकडून, भाविक मोठ्या संख्येने येतात आणि झरपटेत स्नान करतात. त्या नदीत आज शहराचे सांडपाणी मिसळते आणि पात्रावर जलपर्णी पसरलेली असते. तरी स्नान होतेच, कारण नवस पाण्याची प्रत पाहून बोललेला नसतो. आम्ही वाघासाठी जो पंधरवडा काढून ठेवला होता तो नेमका यात्रेचाही निघाला. योगायोग चांगला वाटला. आता प्रवासाला दोन कारणे झाली.

इरईची गोष्ट निराळी. ती अरण्याच्या बाजूने शहराकडे येते आणि मध्येच तिला औष्णिक वीजकेंद्रासाठी धरणाने अडवलेले आहे. धरणाचा जलाशय ताडोबाच्या मोहर्लीकडच्या अंगाला भिडतो, म्हणजे पलीकडच्या काठावर रान आणि अलीकडे 2920 मेगावॅटचे केंद्र. मे 2010 मध्ये जलाशय इतका खालावला होता की पाण्याअभावी केंद्रातले संच बंद करावे लागले. खाली शहराला लागून नदीकाठी कोळसाखाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत.

हे वाचत असताना आमच्यापैकी एकाला पडघ्याची आठवण झाली. आम्ही कल्याणकडचे. पडघ्याचे ते विजेचे अवाढव्य उपकेंद्र आम्ही नाशिकच्या रस्त्याने जाता-येता असंख्य वेळा पाहिले आहे. तिथे येणारी एक मोठी वाहिनी थेट चंद्रपूरहून निघते: सुमारे 750 किलोमीटर लांबीची, 500 किलोव्होल्ट एकदिश दाबाची, 1500 मेगावॅट वाहून आणण्याच्या क्षमतेची, 1999 पासून चालू असलेली. म्हणजे ज्या पंख्याखाली बसून आम्ही 'तिकडचे ऊन सोसेल का' अशी चर्चा करीत होतो त्या पंख्याच्या वाऱ्यात इरईचे थोडेबहुत पाणी होते. 2012 साली आम्ही चंद्रपूर पाहिले नाही हे खरे, पण ते त्याआधीपासून आमच्या घरात येऊन बसले होते.

तारखा जवळजवळ निश्चित झाल्या तेव्हा आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो सिंदेवाहीकडचा; शिकायला आमच्या महाविद्यालयात आला होता, आता गावाजवळच शिक्षक आहे. 'सर, मॅडम, केव्हाही या, पण आमच्याकडे राहायलाच पाहिजे,' असे आधी त्याने बजावले. तारखा ऐकल्यावर जरा थांबला. मग म्हणाला, 'तेव्हा घरी कोनी नसते सर. सारे पहाटेच मोहफुलं येचाले जातेत.'

मोह मार्च-एप्रिलात टपटपतो. रात्री गळालेली फुले उजाडण्यापूर्वी वेचायची, नाहीतर जनावरे खातात, उन्हाने वाळतात. म्हणून माणसे अंधारात निघतात. झाडाखालचा पाचोळा झाडून, काही जण जाळून, जागा साफ करतात. त्यातून वणवेही लागतात. वाकून, उकिडवे बसून टोपल्या भरायच्या. मोह संपतो न संपतो तो मे महिन्यात तेंदूपत्ता. पाने खुडायची, 70 पानांचा एक पुडा बांधायचा आणि पुड्यांवर मजुरी घ्यायची. वर्षातली रोकड या थोड्या आठवड्यांत हाती येते. वाघाला मात्र वाकलेला माणूस माणसासारखा दिसत नाही. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी आम्ही वाचलेली होती. वाचून हळहळलोही होतो. परंतु त्या तारखेची आणि आमच्या पर्यटनाच्या तारखांची सांगड आम्ही कधी घातली नव्हती, आणि सांगड अगदी उघड होती. पाणी आटते म्हणून वाघ पाणवठ्यावर येतो, त्याच दिवसांत मोह आणि तेंदू पिकतो म्हणून माणसे रानात जातात, आणि त्याच दिवसांत सुट्ट्या लागतात म्हणून आम्ही.

'भीती नाही वाटत का रे घरच्यांना?' असे आम्ही विचारले, आणि विचारताच प्रश्नाचा मूर्खपणा लक्षात आला. तो रागावला नाही. 'वाटते ना,' म्हणाला. 'आईला मी दरसाल सांगतो नको जाऊ, माझा पगार आहे. ती म्हणते, मोह काय वर्षभर पडते का?' मग त्यानेच विषय बदलला आणि आम्हाला उपरणे, कांदा आणि भरपूर पाणी बरोबर ठेवायला सांगितले.

त्या रात्री आम्ही ताडोबा या नावाविषयी पुन्हा वाचले. तारू किंवा ताडोबा हा या भागातल्या आदिवासींचा देव. तो पूर्वी एका गावाचा प्रमुख होता, वाघाशी झालेल्या झुंजीत मारला गेला आणि मग देव झाला, असे परंपरा सांगते. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे जत्रा भरवण्याची रीत आहे. हे सर्व आम्ही आधीही वाचले होते, पण माहितीपत्रकात वाचतात तसे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय उद्यानाला, 1955 पासूनच्या, वाघासाठी देशोदेशींची माणसे जिथे येतात त्या रानाला, वाघाने मारलेल्या माणसाचे नाव आहे. त्याच्या वंशजांनी वाघाचा सूड मागितल्याचे कथेत कुठे नाही. त्यांनी माणसाला देव केले आणि वाघाला वाघ राहू दिले. या वर्तनाला नाव काय द्यावे, हे आम्हाला सुचलेले नाही. 'सहजीवन' हा शब्द आम्ही वर्गात सर्रास वापरतो. तो इथे ठेवून पाहिला, पण फार गुळगुळीत वाटला. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गाभ्यातली गावे तर आता उठून बाहेर गेली आहेत. उरलेली माणसे सीमेवर राहतात आणि सहजीवनाची किंमत तेच मोजतात.

मग जायचे की नाही? न जाण्याने मोह कमी पडणार नाही आणि वाघाची तहानही भागणार नाही, हे उघड आहे. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात जावे असा एक प्रस्ताव आला. रान हिरवे असेल, वाघ दिसण्याचा संभव कमी, मन निर्धास्त. परंतु ज्या दिवसांत त्या मुलखाचे खरे वर्ष उलटते ते दिवस टाळून जाणे म्हणजे पुन्हा 2012 चीच फेरी. निर्धास्त मनाने परतण्यासाठी आम्ही एकदा जाऊन आलो आहोतच.

शेवटी चैत्र पौर्णिमेच्या आधीचे चार दिवस धरले. तीन रात्री शहरात. अचलेश्वर, महाकाली, जमल्यास कोटाच्या कडेने पठाणपुऱ्यापर्यंत पायी, पहाटे. इरईच्या काठी एक संध्याकाळ. चार फेऱ्यांची नोंदणी करायची होती ती एकावर आणली, दुपारची, गाभ्यातली नव्हे तर बफरमधली. चौथा दिवस सिंदेवाहीकडे. विद्यार्थ्याला तसे कळवले आणि संकोचत विचारले की त्याच्या आईबरोबर सकाळी मोहाखाली येऊ का, का आमची अडचण होईल. उत्तर दुसऱ्या दिवशी आले. आई म्हणते या, असे त्याने लिहिले होते. रानात एकट्याने जात नाही कोणी, दोन माणसे जास्त असली तर बरेच. मात्र बोलत राहावे लागेल, मोठ्याने, आणि पाळीपाळीने एकाने उभे राहून राखण करायची.

नोंदणीच्या पानावर आता ओळखपत्राचे क्रमांक तेवढे भरायचे आहेत.