गोचीड राहते कुठे?

संपादक म्हणाले, "डॉक्टर, गोचिडीवर लिहा, पण आमच्या वाचकाला कळेल असं." दिवाळीच्या फराळासोबत रक्तपिपासू किडा कोण वाचणार, हा प्रश्न मी गिळला. विषय डोक्यात होताच.

गेल्या काजूच्या हंगामात दोडामार्गाकडच्या एका घरी कुत्रा पाहायला गेलो होतो. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त, कानांच्या आत गोचिडी. गोचिडीतून होणाऱ्या एर्लिकिया या आजाराचा संशय होता, औषध सुरू केलं. घरच्यांना मात्र वेगळीच भीती. "डॉक्टरानू, ह्याका खंयतरी सोडून येवया काय? आमका माकडताप होतलो." एवढ्यात घरची सून काजूच्या बागेतून पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, भारा डोक्यावर घेऊन आली आणि अनवाणीच गोठ्यात तो पसरू लागली. त्या भाऱ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

कुत्र्याची तपकिरी गोचीड आणि माकडतापाची गोचीड या दोन निराळ्या जाती. पहिली तुमच्या भिंतीच्या फटीत, खाटेखाली राहते. कुत्र्यावर फक्त जेवायला येते. पोट भरलं की गळून पडते, फटीत शिरते आणि मादी हजारावर अंडी घालते. माणसाला ती क्वचितच चावते. तिचा मुक्काम घरातच असतो, म्हणून कुत्र्याला इंजेक्शन देऊन घर तसंच ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. महिन्याभरात तेच लोक "औषध बोगस" म्हणत परत येतात.

माकडतापाची गोचीड, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, रानातली. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने माकडतापाचा हा नवा विषाणू वेगळा केला, तेव्हा उलगडा झाला. 2015 मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत दिसला, 2016 मध्ये आमच्या सिंधुदुर्गात.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. पावसाळ्यानंतर अंड्यांतून सहा पायांची पिल्लं निघतात, ती उंदीर, माकडं यांचं रक्त पितात. त्यात विषाणू असला तर कात टाकल्यावरही तो अंगात टिकतो. कात टाकून आठ पायांची, खसखशीच्या दाण्याएवढी अवस्था होते. तिला निंफ म्हणतात. माणसाला बहुतेक वेळा हीच चावते, साधारण डिसेंबर ते मे. म्हणजे नेमका काजू वेचण्याचा, पातेरा गोळा करण्याचा काळ. पुढचे पाय पसरून ती पाल्यावर वाट बघत बसते. त्या पायांवरच्या खळग्यातून तिला उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो. मेलेलं माकड गार पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरतात. म्हणूनच त्या जागेभोवती पन्नास मीटरपर्यंत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात.

आता माझा आवडता वाद. आरोग्य खातं माकडं मोजतं, वनखातं मेलेली माकडं जाळतं, आणि रानात चरून येणारी गुरं कुणाच्याच कागदावर नसतात. गुरांमुळे माणसाला ताप येत नाही, मान्य. त्यांच्यात हा विषाणू फारसा वाढतही नाही. पण मोठ्या झालेल्या मादीला अंडी घालण्यापूर्वी पोटभर रक्त लागतं, आणि रानाच्या कडेला ते गायी-म्हशींइतकं सहज दुसरीकडे मिळत नाही. गोचिडींची फौज गुरं वाढवतात, विषाणू माकडं-उंदीर पुरवतात. एका बैठकीत हे मांडलं, तर "डॉक्टर, तो पशुसंवर्धनाचा विषय" असं उत्तर मिळालं. म्हणजे माझाच विषय. मग मला बोलावलं कशाला? गुरांवर गोचीडनाशक मारून माकडताप थांबेल, असा दावा मी करणार नाही. माकड, माणूस आणि गाय यांच्या फायली एका टेबलावर याव्यात, एवढीच मागणी आहे.

वर्षानुवर्षं दिली गेलेली जुनी लस पुरेशी परिणामकारक नव्हती, आता तीही बंद झाली. विषाणूवर नेमकं औषध नाही. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात.

तेव्हा कुत्र्याला सोडून येऊ नका. त्याच्यावर उपचार करा आणि भिंतीच्या फटी बुजवा. अंगावर गोचीड दिसली तर रॉकेल, तेल, काडी काही नको. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. रानात बूट घाला, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर अंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाका. माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवा. आणि डिसेंबर ते मे रानातला पातेरा गोठ्यात आणू नका. गुरांखाली पसरायला भाताचा पेंढाही चालतो.