नाव घातलेली भांडी

मुलांनो, पुण्याला गेलात की शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड हे तुम्ही बघताच. यंदाच्या सुट्टीत एक रविवार मात्र मी सांगते तसा घालवा. सकाळी लवकर उठून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा. आईबाबांचा हात तेवढा सोडू नका, गर्दी म्हणजे काय ते तिथे कळतं!

हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रस्त्याच्या कडेला गोणपाटं पसरलेली असतात आणि त्यांवर काय नाही ते विचारा. बंद पडलेली घड्याळं, कंदील, कुलपं, पान्हे, ग्रामोफोनच्या तबकड्या, जुनी नाणी. (नाण्यांच्या बाबतीत जरा जपून हं! शिवराई म्हणून दाखवलेलं प्रत्येक नाणं शिवराई असतंच असं नाही.) पण तुम्ही शोधायची ती तांब्यापितळेची भांडी. चरवी, कासंडी, घंगाळ, गडू, तसराळं. माझ्या चौथीच्या वर्गात मी घंगाळाचं चित्र दाखवून हे काय म्हणून विचारलं होतं. "टीचर, कुत्र्याला आंघोळ घालायचा टब!" असं उत्तर आलं. तसं फारसं चुकलं नव्हतं म्हणा. घंगाळ आंघोळीच्या पाण्याचंच. फक्त आंघोळ माणसांची.

एखादं भांडं उचलून नीट बघा. बूड काळं असेल तर ते चुलीवर चढलेलं आहे. काठाला जोड असेल तर ते फुटलं तरी कुणी टाकून दिलं नाही, दुरुस्त करून पुन्हा वापरलं. आणि मग काठाखाली बोट फिरवा. बारीक टिंबाटिंबांची अक्षरं लागतील. पूर्वी लग्नामुंजीत भांडी आहेर म्हणून द्यायची पद्धत होती आणि त्यांवर नाव घालून घेत. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी तारीखसुद्धा. म्हणजे कुणाच्या तरी आत्याने, मामाने भाचीला दिलेली ती कळशी असते. आता तिला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर ती मोडीत जाते, म्हणजे वजनावर विकली जाते आणि भट्टीत वितळते. नावासकट. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार तुम्ही व्याकरणात पाठ करता ना, तो इथे डोळ्यांनी बघायला मिळतो.

तिथून कसबा पेठ जवळच. तिथल्या तांबट आळीचा पत्ता विचारावा लागत नाही, काम चालू असेल तर ठक् ठक् आवाजच तुम्हाला नेतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके घालतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते बारीक खळगे नुसते शोभेचे नव्हेत बरं का! ठोक्यांनी तांबं कठीण होत जातं. फार कठीण झालं की ते चिरू लागतं, मग तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. या आळीतले पाणी तापवायचे बंब प्रसिद्ध होते. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी बाहेर! घरोघरी गॅस आणि विजेचे हीटर आले आणि बंब मागे पडले. आता काही कारागीर दिव्यांच्या शेड आणि शोभेच्या वस्तू घडवतात. ते बघून वाईट वाटतं असं मोठी माणसं म्हणतात. मला नाही वाटत. हात चालू आहे, हे काय कमी आहे?

आता मंडई. आठ पाख्यांची, मध्ये उंच मनोरा असलेली ही दगडी इमारत 1886 साली खुली झाली. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती 'रे मार्केट' होती. गंमत ऐका. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, आणि बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच इमारतीचं नाव आहे महात्मा फुले मंडई! हे नाव मिळालं ते आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने.

मंडईत अळूची जुडी बघा. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून अळूच्या फतफत्यात चिंच हवीच. आणि चिंच आली की भांड्याचा प्रश्न आला. पितळेच्या उघड्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो. कळकलेलं ताक किंवा आमटी खाऊन माणूस आजारी पडतो. त्यासाठी भांड्याला आतून कल्हई करत. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकून स्वच्छ करायचं, कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने पुसत न्यायचं. पांढरा धूर निघतो आणि काळपट भांडं आतून चांदीसारखं चमकू लागतं. दारावर कल्हईवाला आला की सगळी आळी बघायला जमत असे. तुमच्या आजीला विचारा.

एव्हाना भूक लागली असेल. शेजारीच तुळशीबाग आहे, तिथे मिसळ खा. पुण्याच्या जुन्या पद्धतीच्या मिसळीत पोहे असतात. कोल्हापूरकर पाहुणा बरोबर असेल तर वाद नक्की. घरी न्यायला बाकरवडी घ्या. आणि तुळशीबागेत पितळी भातुकली बघायला विसरू नका. जुन्या बाजारात धूळ खात पडलेलं अख्खं स्वयंपाकघर इथे मुठीत मावेल एवढं होऊन चकचकीत मांडलेलं असतं.

शेवटी शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय. दिनकर केळकर (1896–1990) यांचं चष्म्याचं दुकान होतं. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही करत. लोक मोडीत काढत ते सारं हा माणूस गावोगाव हिंडून गोळा करत असे: दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, भांडी, दरवाजे. कोथरूडचा मस्तानीचा महालही त्यांनी इथे आणून उभा केला. 20 हजारांच्या आसपास वस्तू जमल्या. 1975 साली त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. नाव मात्र स्वतःचं दिलं नाही. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला होता, त्याचं नाव घातलं.

अडकित्त्यांच्या कपाटापाशी जरा जास्त वेळ थांबा. सुपारी कातरायला एवढीशी वस्तू, पण तिलाही कारागिरांनी किती नाना रूपं दिली आहेत!