मान वर करून

जबलपूरच्या राइट टाउन स्टेडियमबाहेर आज संध्याकाळी पुन्हा तीच चर्चा. कॉलेजच्या फुटबॉल संघाला नवे सर मिळाले, आता करंडक आपलाच! सराव सुरू होऊन महिनाही झालेला नाही.

या घाईची मला भीती वाटते, आणि तरी आशा माझ्याही मनात आहेच. 2020 मध्ये चंद्रकांत पंडित मध्य प्रदेशच्या क्रिकेट संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हाही अशीच आशा होती. विदर्भाला लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून देऊन ते आले होते. आम्हा जबलपूरच्या मराठी माणसांना ते दुप्पट आपले वाटले. 1999 मध्ये याच राज्याचे कर्णधार म्हणून बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर ते रणजीचा अंतिम सामना हरले होते. जून 2022 मध्ये त्याच मैदानावर, अंतिम सामन्यातच, त्यांच्या संघाने मुंबईला हरवलं. मधल्या तेवीस वर्षांचा विचार आला की अजून घसा दाटतो.

पोरं मात्र फुटबॉल प्रशिक्षक खालिद जमील यांचं नाव घेतात. त्यांनी ऐझॉल संघाला आपल्या पहिल्याच हंगामात, 2017 मध्ये, आय-लीग जिंकून दिली. खरंच आहे ते. पण असं रोज घडत नाही.

आज सरांनी तासभर नुसते पास करून घेतले, गोलवर एकही फटका मारू दिला नाही. शेजारचे काका वैतागून उठून गेले. मी थांबलो. अंधार पडता पडता डावीकडच्या किडकिडीत पोराने आधी मान वर करून पाहिलं, मग चेंडू दिला. गेल्या वर्षी तो खाली बघूनच धावायचा.