नट ढिला, आवाज मोकळा

कोराडीच्या वीज केंद्रात फिटरचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याची हयात कंपन थोपवण्यात जाते. 660 मेगावॅटचे तीन संच आहेत इथे. बोल्ट सैल राहिला की बोलावणं आलंच. ड्रमवर बसलो की हिशेब नेमका उलटा. सिंबल थरथरलाच पाहिजे, आणि ती थरथर मधल्या भोकाशी अडता कामा नये.

आमच्या ऑर्केस्ट्राचा सेट जुना, हातोहात फिरलेला. स्टँडवरचा नमदा आणि प्लास्टिकची नळी कधीच हरवली होती. उरला होता उघडा आटा, दोन लोखंडी वायसर आणि करकचून आवळलेला विंग नट. काठी मारली की ‘ठण्’ व्हायचं आणि आवाज तिथेच बसायचा. वर आट्यावर पत्रा घासल्याची खरखर. सगळ्यांचं एकच मत, सिंबल भंगार आहे, नवा घ्या. भजनी मंडळातले एक काका तेवढे नटाकडे बघत होते. म्हणाले, “काहून रे, खंजिरीची खीळ कसली तर चकत्या वाजतीन का?” तुकडोजी महाराजांच्या मुलखात एवढं सांगायला ध्वनिशास्त्र लागत नाही. टाळसुद्धा दोरीला लोंबतो म्हणून वाजतो.

धातू हलका होता, हे खरंच. उत्तम सिंबल 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील अशा काशाचे असतात. आमचा साधा पितळी. पण आधी त्याला वाजू तर द्यायला हवं होतं.

गवंडी वापरतात त्या लेव्हल पाइपचा तुकडा घेतला. आतून 8 मिलिमीटरच्या दांडीवर घट्ट, बाहेरून सिंबलच्या भोकात सैल. पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून जाड नमदा आणला, पंचने गोल कापला. एक चकती खाली, एक वर. खरी मेख नळीच्या लांबीत आहे. दोन्ही नमदे आणि सिंबल मिळून जेवढी जाडी होते, त्याहून नळी किंचित उंच ठेवायची. मग नट नळीवर टेकतो, नमदा दाबत नाही.

पाइप मऊ, आट्याने आतून कापला जाऊ लागला. तेव्हा कामठी रोडवरच्या एका वर्कशॉपात लेथवर नायलॉनचा बुश काढून घेतला. विंग नटच्या जागी नायलॉक नट बसवला. तो न आवळताही जागचा हलत नाही. कार्यक्रम संपल्यावर सामान आवरताना 13 नंबरचा पाना शोधावा लागतो, तेवढा वैताग मी चालवून घेतो. आता काठी पडली की सिंबल झुलतो, सूर लांबतो, खरखर नाही. काशाचा मात्र तो झाला नाही, होणारही नाही.

तुमचाही सिंबल बसका वाजत असेल, तर दुकान गाठण्याआधी नट काढून भोक तपासा. गोल असेल तर नळी-नमद्यावर भागेल. एका बाजूने आट्याने खाऊन तिथून चीर निघाली असेल, तर मात्र सिंबल बदलावाच लागतो.