बरे होण्याचे दिवस

परदेशी जाऊन औषधोपचार करून घेणे ही गोष्ट बडोद्याला नवी नाही; नवी आहे ती तिची दिशा. श्रीमंत सयाजीराव महाराज १८८७ साली प्रथम युरोपला गेले ते प्रकृतीच्या कारणाने. निद्रानाशाने ते त्रस्त होते आणि हवापालट व विश्रांती यांसाठी तो प्रवास घडला. पुढेही प्रकृतीसाठी त्यांचे वास्तव्य अनेकदा युरोपात झाले. त्या काळी संस्थानाधिपतीला जे साध्य होते ते सामान्य प्रजाजनाच्या स्वप्नातही येणारे नव्हते. आज त्याच बडोद्याच्या दांडिया बाजारातील आणि रावपुऱ्यातील घरांतून शिकून जी मुले इंग्लंड, अमेरिका, कॅनडा येथे स्थायिक झाली, ती पोटाचे ऑपरेशन करून घेण्यासाठी उलट्या वाटेने बडोद्यास येत आहेत. दिवाळी उलटून थंडी पडू लागली की लग्नसराईच्या पाहुण्यांबरोबर हे रुग्ण-पाहुणेही येऊ लागतात. कोणाच्या पित्ताशयात खडे असतात, कोणाचा हर्निया असतो, तर कोणाला मूळव्याधीचा जुना त्रास असतो.

ते का येतात, याचे उत्तर सोपे आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा विनामूल्य आहे, पण तातडी नसलेल्या ऑपरेशनसाठी थांबावे लागते. अठरा आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असा तेथील दंडक असला, तरी सप्टेंबर २०२३ मध्ये एकट्या इंग्लंडच्या प्रतीक्षायादीत ७७ लाखांहून अधिक नोंदी होत्या. अमेरिकेत थांबावे लागत नाही, पण विमा नसेल किंवा अपुरा असेल तर त्याच ऑपरेशनला कित्येक हजार डॉलर मोजावे लागतात. कॅनडातही यादी आहेच. इकडे बडोद्यातील एखाद्या चांगल्या खासगी रुग्णालयात तपासणी आज होते, ऑपरेशन आठवड्याच्या आत होते आणि खर्च रुपये लाखाच्या मागेपुढे येतो. विमानाचे तिकीट धरूनही बेरीज खालीच राहते. आपल्या सरकारनेही २००५ पासून वैद्यकीय व्हिसा हा निराळा वर्ग ठेवला आहे. मूळ भारतीयांना ओसीआय कार्डावर तोही लागत नाही.

हा स्वस्तपणा कौशल्याच्या कमतरतेमुळे आहे असे मात्र कोणी समजू नये. १९४९ साली स्थापन झालेल्या बडोदे मेडिकल कॉलेजातून आणि त्याला जोडलेल्या सयाजी हॉस्पिटलातून शल्यवैद्यांच्या कितीतरी पिढ्या तयार झाल्या. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ साली प्रथम केली. त्यानंतर पाचच वर्षांत, १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी ती भारतात आणली. आज आपल्याकडील शल्यवैद्याच्या हाताखालून अशा शस्त्रक्रिया इतक्या जातात की सरावाच्या बाबतीत तो कोठेही उणा ठरत नाही. स्वस्ताई येते ती मनुष्यबळाच्या पगारांतून, औषधांच्या किमतींतून आणि रुग्णांच्या मोठ्या संख्येतून.

आणि आणखी एका ठिकाणाहून येते. त्या ठिकाणाबद्दल फारसे बोलले जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९७४ साली माझ्या सासूबाईंचे पित्ताशय काढले तेव्हा उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घ्यावा लागला होता. त्या दहा दिवस रुग्णालयात होत्या. आम्ही घरून डबा नेत असू, पण रात्रीची जाग, जखमेची मलमपट्टी, ताप पाहणे, चालविणे ही सारी कामे परिचारिकांकडे होती. त्या घरी आल्या तेव्हा टाके निघाले होते आणि त्या स्वतःच्या पायांनी जिना चढल्या. आता छेद चार लहान छिद्रांवर आला आणि रुग्णालयातील वास्तव्य एक-दोन दिवसांवर. विज्ञानाची ही प्रगती खरीच, तिच्याविषयी तक्रार नाही. परंतु शरीराला आतून भरून येण्यासाठी वेळ हा लागतोच. तो फारसा कमी झालेला नाही. तो रुग्णालयातून उठून घरी आला आहे. जे काम पूर्वी वॉर्डात होई ते आता कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात होते. ज्या रुग्णाचे घर सात समुद्रांपलीकडे आहे, त्याच्या बाबतीत हे घर अर्थातच येथील नातेवाइकांचे असते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांची मुलगी इंग्लंडहून अशीच आली. पित्ताशयात खडे होते, वर्षभरात तीनदा कळा आल्या होत्या, आणि तिकडची तारीख पुढे पुढे जात होती. मुलगी मोठी हिशोबी. येण्यापूर्वीच तिने रुग्णालयाचा दर, भूलतज्ज्ञांची फी, औषधे, तिकीट, टॅक्सी असे सारे रकाने आखून ठेवले होते. रजा दोन आठवड्यांची होती आणि परतीचे तिकीट ऑपरेशननंतरच्या सहाव्या दिवसाचे काढण्याचा तिचा विचार होता. येथील शल्यवैद्यांनी तिचे सारे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘बेन, टिकिट पंदर दिवस पछीनी लेजो.’’

ती नाराज झाली. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत विमानाने जाता येते असे तिकडच्या आरोग्यसेवेच्या माहितीपत्रात आहे, हे तिने त्यांना सांगितले. ते खरेही आहे. साध्या पोटाच्या ऑपरेशननंतर चार-पाच दिवस आणि मोठ्या ऑपरेशननंतर दहा दिवस थांबावे, असा तो सर्वसाधारण संकेत आहे. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. त्यामुळे पोटात कोंडलेला वायू सुमारे एकतृतीयांशाने फुगतो आणि ताज्या जोडकामावर ताण येऊ शकतो. शिवाय तासन्तास एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचे भय ऑपरेशननंतर अधिक असते. पण डॉक्टरांचे म्हणणे निराळेच होते. विमान झेपेल की नाही हा प्रश्न नव्हे, असे ते म्हणाले. काही उद्भवायचे असेल तर ते पहिल्या दोन आठवड्यांत उद्भवते, आणि त्या वेळी ज्याने पोट उघडले तो जवळ असावा. काढलेले पित्ताशय तपासणीला जाते, त्याचा अहवालही आठ दिवसांनी येतो. क्वचित त्यात न कल्पिलेला कर्करोग सापडतो, आणि तसे झाल्यास पुढचे बोलणे समोरासमोर व्हावे. अखेर तिने रजा वाढवून घेतली.

ऑपरेशन उत्तम झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. मऊ भात, मुगाचे वरण, मेतकूट, पातळ ताक असे बिनतुपाचे पथ्य सुरू झाले. भेटीला येणारी मंडळी प्रेमाने लीलो चेवडो आणि भाकरवडी घेऊन येत, आणि ती परत पाठविताना मला अवघड होई. एक तर सेव-उसळ घेऊन आला होता! आठव्या दिवशी तपासणीचा निर्दोष अहवाल हाती आला आणि आम्ही निःश्वास सोडला. नवव्या दिवशी पहाटे तिने मला हाक मारली, ‘‘काकू, तीच कळ आली.’’ दिवा लावून पाहिले तो डोळे पिवळे दिसले.

पित्ताशयातील एक लहानसा खडा ऑपरेशनपूर्वीच केव्हा तरी निसटून पित्तनलिकेत जाऊन बसला होता. उत्तम शल्यवैद्याच्या हातूनही थोड्या रुग्णांत असे घडते. यात कोणाचाच दोष नसतो. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली आणि दुसऱ्या दिवशी तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढला. दोन दिवसांत डोळे निवळले. ठरल्याप्रमाणे ती सहाव्या दिवशी निघाली असती तर ही कावीळ तिला इंग्लंडमध्ये, एकटीच्या घरात, गाठणार होती. आणि ज्या डॉक्टरांनी तिला कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्यापुढे ती कागदांची एक पिशवी घेऊन उभी राहिली असती. या दुसऱ्या उपचाराचा खर्च मूळच्या रकान्यांत कोठेच नव्हता. बहुतेक प्रवास-विम्यांतही ठरवून केलेल्या ऑपरेशनमधून उद्भवलेला त्रास धरला जात नाही.

त्या रकान्यांत आणखीही एक गोष्ट नव्हती. माझी सूनबाई बँकेत आहे. पहिल्या तीन रात्री ती नणंदेच्या खोलीत निजली आणि नंतर दुखणे उलटल्यावर तिने सात दिवसांची रजा काढली. रुग्णालयात रांगेत उभी राहिली ती, औषधांच्या वेळा भिंतीवर लिहून लावल्या त्या तिने, आणि रात्री बाराला ताप पाहिला तोही तिनेच. निघण्याच्या आदल्या दिवशी पुतणी वही उघडून बसली होती. मध्येच तिने विचारले, ‘‘वहिनी, तुझ्या रजेचे किती धरू?’’ सूनबाई हसली आणि म्हणाली, ‘‘ते धरले तर तुला इंग्लंडच स्वस्त पडेल.’’ आम्ही सारेच हसलो. पण मला वाटते, आमच्या घरात त्या महिन्यात बोलले गेलेले सर्वांत खरे वाक्य ते होते.

आपल्या माणसाच्या दुखण्यात धावून जाणे हा आपला कुळाचार आहे आणि त्याचे मोल करू नये, हे मला मान्य आहे. मोल करू नये, पण मोजणी जरूर करावी. कारण ज्या घरांच्या भरवशावर ही मुले येतात ती घरे आता पूर्वीची उरलेली नाहीत. दांडिया बाजारातील वाडे जाऊन तेथे सदनिका झाल्या; चार जावांचे स्वयंपाकघर मांजलपूर, गोत्री अशा वस्त्यांतून पांगले. कित्येक घरी आता सत्तरी ओलांडलेली दोनच माणसे आहेत, कारण मुले परदेशी आहेत. त्यांच्याकडे ऑपरेशन झालेला आप्त येतो तेव्हा त्याला हात देऊन उठवायचे कोणी? संकोचाने ‘ये’ म्हटले जाते आणि मग म्हातारीची कंबर धरते. आणि हे काम बहुतेक ठिकाणी घरातील बाईच्याच वाट्याला येते हे सांगायला नकोच.

म्हणून माझ्या ओळखीत कोणी येण्याचे ठरविले की मी काही गोष्टी आधीच विचारते. ऑपरेशननंतर निदान पंधरा दिवस राहता येईल का? ते पंधरा दिवस कोणाच्या घरी, आणि त्या घरात रात्री उठू शकणारे माणूस आहे का? नसेल तर दिवसरात्रीची बाई ठेवण्याचे पैसे हिशोबात धरले आहेत का? काही उद्भवले तर दुसऱ्या उपचारासाठी रक्कम बाजूला आहे का? येण्यापूर्वी तिकडच्या आपल्या डॉक्टरांना सांगितले आहे का? कारण परतल्यावर पाहणार आहेत ते तेच. जाताना शस्त्रक्रियेचे तपशीलवार टिपण, तपासणीचा अहवाल, चित्रे आणि दिलेल्या औषधांची नावे सोबत न्यावीत. भारतात रुग्णालयात राहून आल्याचे तिकडच्या रुग्णालयात लपवू नये. २०१० साली दिल्लीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या, प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या प्रकरणी आपल्याकडे मोठा क्षोभ झाला होता. नावाबद्दलचा राग रास्त असेलही, पण असे जंतू आहेत आणि ते प्रवास करतात हेही खरे. परदेशातील रुग्णालयात राहून आलेल्यांची तेथे म्हणूनच निराळी तपासणी होते. तो अपमान समजू नये.

येथे कोणी आप्त नसलेले परदेशी रुग्णही भारतात येतात. त्यांना वैद्यकीय व्हिसाबरोबर दोन सोबत्यांना आणता येते. सोबती आणावाच लागतो, कारण बरे होण्याचे काम एकट्याने होत नाही हे त्यांना ठाऊक असते. आपली मुले सोबती आणत नाहीत. त्यांचा सोबती येथे आहे असे ती धरून चालतात. हा विश्वास गोड आहे, आणि तो खोटा ठरू नये असे आपल्यालाही वाटते. एवढ्यासाठीच येणाऱ्याने आधी विचारावे आणि घरातल्यांनी खरे उत्तर द्यावे. ‘ये, पण रात्रीची बाई तू ठेव’ असे म्हणण्यात माया कमी होत नाही.

बडोदे सोडून गेलेल्यांना दुखण्यात बडोदे आठवते याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांनी अवश्य यावे. येथे हात चांगले आहेत आणि मेतकूटही आहे. फक्त येताना ऑपरेशनच्या तारखेबरोबर बरे होण्याचे दिवसही मोजून आणावेत.