परत न घेता येणारी शिक्षा

शिवकाळात देहदंडाचे प्रकार अनेक होते: कडेलोट, सुळी देणे, हत्तीच्या पायी देणे. रायगडावरचे टकमक टोक कडेलोटाची जागा म्हणून आजही दाखवतात. कुंडलिकेच्या काठच्या रोहा-अष्टमीला त्याहून जवळची आठवण आहे ती सुधागडाची. अष्टमीच्या ईशान्येला, पालीच्या पलीकडे हा गड उभा आहे. 1681 मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर त्याच्या पायथ्याशी आश्रयाला होता. त्याच सुमारास संभाजी महाराजांविरुद्धचा कट उघडकीस आला आणि अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांच्याबरोबर बाळाजी आवजी चिटणीस यांनाही याच मुलखात हत्तीच्या पायी दिले गेले.

बाळाजी आवजी शिवाजी महाराजांचे चिटणीस. राज्याचा पत्रव्यवहार त्यांच्या हातचा. कटातला त्यांचा वाटा वादाचा राहिला आहे. चिटणीस बखर त्यांची बाजू घेते, पण ती त्यांच्याच वंशातल्या मल्हार रामरावांनी लिहिलेली, म्हणून तिची साक्ष जपूनच घ्यावी लागते. पुढे चिटणिशी त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ याच्याकडे आली आणि राजाराम महाराजांना जिंजीला सुखरूप पोचवण्यात त्याने जिवाची बाजी लावली. घराण्याला पद परत मिळाले. बाप मात्र परत मिळणार नव्हता, आणि देहदंडावरचा सगळा वाद आजही याच जागी येऊन अडतो.

इंग्रजी अमलात देहदंडाचे रूप एकच उरले: फाशी. 1860 च्या दंडसंहितेत ती आली आणि 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला नियमाचे स्थान दिले. ज्या गुन्ह्याला फाशी देता येते तिथे ती दिली नाही, तर न्यायाधीशाने कारण लिहायचे. हे बंधन 1955 च्या दुरुस्तीने गेले आणि 1973 च्या संहितेने सगळे उलटे केले: जन्मठेप हा नियम, आणि फाशी द्यायची तर खास कारणे नोंदवायची. एका कलमातला हा बदल कागदावर लहान दिसतो, पण त्यावर कितीतरी जीव तरले आहेत.

शेजारच्या गोव्याची वाट निराळी होती. पोर्तुगालने 1867 मध्ये नागरी गुन्ह्यांसाठी देहदंड रद्द केला आणि तीन वर्षांनी तो निर्णय वसाहतींनाही लागू झाला. भारतातल्या स्वातंत्र्याच्या चळवळीने मात्र फाशी जवळून पाहिली होती. 12 जानेवारी 1931 रोजी सोलापूरचे चौघे येरवड्यात फासावर गेले. तरीही स्वतंत्र भारताने ही शिक्षा ठेवली. 3 जून 1949 रोजी संविधान सभेत फाशीविरुद्धच्या अपिलांची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहदंडच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल असे सांगितले, आणि त्याला अहिंसेच्या परंपरेचा आधार दिला. ही सूचना कायद्यात उतरली नाही, याची खंत वाटते.

1980 मध्ये बच्चन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी वैध ठरवली, पण ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरती. न्या. पी. एन. भगवती यांनी वेगळे मत दिले: ही शिक्षा मनमानी आहे, ती गरिबांवर पडते आणि खटला कोणत्या न्यायाधीशांपुढे येतो यावर जीव अवलंबून राहतो. दुसऱ्या बाजूची वेदनाही खरीच आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने पुण्यात संध्याकाळी दारे लवकर बंद होऊ लागली होती; 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली, तेव्हा अनेकांना तोच न्याय वाटला. त्या भीतीला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही.

30 जुलै 2015 रोजी नागपुरात याकूब मेमनला फाशी झाली. महिनाभरातच विधी आयोगाने 262 व्या अहवालात दहशतवादाचे व देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता देहदंड रद्द करण्याची शिफारस केली. ती मान्य झाली नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही फाशी आहे.

या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण महाराष्ट्रातलेच आहे. 2003 च्या एका दरोडा, बलात्कार व खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतले सहा जण आरोपी होते. उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले. पुनर्विचारात 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, तपासावर कठोर ताशेरे ओढले आणि राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. फाशीची अंमलबजावणी झाली नव्हती, म्हणून भरपाई घ्यायला ते होते.