बाटलीवरचा आकडा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ऑगस्ट उजाडला की आमच्या करंजा बंदरातल्या बोटी दर्यात जातात आणि नेमक्या त्याच दिवसांत पाड्यापाड्यांत पोरं तापाने फणफणतात. घरचा पुरुष बोटीवर, आई पहाटेच बंदरावर मासळी घ्यायला आणि तिथून टोपली घेऊन उरणच्या नाहीतर पनवेलच्या बाजारात. पोर सकाळी आजीकडे, दुपारी काकीकडे, संध्याकाळी शाळेतून आलेल्या ताईकडे. मी इथे आशा सेविका म्हणून काम करते. एका आजारी पोराला चार हातांनी औषध मिळतं आणि एका हाताने कधी दिलं ते दुसऱ्याला ठाऊक नसतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की ताप म्हटलं की मला आधी त्याचीच धास्ती वाटते.

२०२५च्या ऑगस्टमध्ये कोंढरीपाड्यातल्या एका घरून निरोप आला. गेले तेव्हा दहा वाजले होते. दीड वर्षाचा मुलगा गोधडीत गुंडाळलेला, काकीच्या हातात चमचा. आजी म्हणाली, "बाय, दोन दिस झालं, ताप उतरतो नि परत चढतो. औषध लागूच पडत नाय." मी काकीला म्हटलं, जरा थांब, घरात असतील तेवढ्या बाटल्या आण. आधी गोधडी काढली, अंगावर पातळ झबलं तेवढं ठेवलं. गुंडाळून ठेवलं की आतला ताप बाहेर पडायला वाटच राहत नाही.

चार बाटल्या आल्या. खिडकीच्या उजेडात एकेक फिरवून बारीक अक्षरं वाचली. पहिली पॅरासिटामॉलची, ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम. दुसरीही पॅरासिटामॉलचीच, कंपनी तीच, खोक्यावरचं चित्र तेच, पण ५ एमएलमध्ये २५० मिलिग्रॅम. ती त्याच्या मोठ्या बहिणीसाठी आणलेली. तिसरी म्हणजे तान्हेपणी लस टोचल्यावर आणलेले थेंब. त्यात एकाच एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम. सगळ्यांत लहान बाटली, सगळ्यांत लहान बाळासाठी, आणि औषध सगळ्यांत तीव्र. बाळाचं म्हणजे सौम्य असं सगळेच धरून चालतात. थेंबांच्या या बाटलीतून कुणी चमचाभर पाजलं तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातं, मोठ्या माणसाची अख्खी गोळी. चौथी बाटली सर्दीच्या औषधाची होती. तिच्यावर तीन नावं होती आणि त्यांतलं एक पुन्हा पॅरासिटामॉल.

आजीने सातला पहिल्या बाटलीतलं चमचाभर दिलं होतं. काकीने नऊला सर्दीचं दिलं. आता ती दुसऱ्या बाटलीतलं तेवढंच द्यायला निघाली होती. दोघी पोराच्या मायेपोटीच करत होत्या सगळं.

अंगणवाडीत त्याच महिन्यात वजन झालं होतं, बरोबर दहा किलो. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरलं तर त्याला एका वेळी १०० ते १५० पुरे. म्हणजे पहिल्या बाटलीतलं ५ एमएल, नाहीतर दुसऱ्या बाटलीतलं अडीच. दोन वेळांत किमान चार ते सहा तास जायला हवेत, आणि दिवसरात्र मिळून चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही. काकीला मी हे आकडे दाखवून सांगितलं. वय विचारून औषध देण्यापेक्षा वजन बघून दिलेलं केव्हाही बरं. आमच्याकडे एकाच वयाच्या दोन पोरांत तीन-तीन किलोंचा फरक असतो. आणि घरातला चमचा नकोच. एका घरातला चमचा दुसऱ्या घरातल्या चमच्याएवढा नसतो. बाटलीसोबत मिळतं ते मापाचं टोपण, नाहीतर बिनसुईची सिरिंज वापरायची. बाटली आधी चांगली हलवायची, औषध तळाशी बसलेलं असतं.

जास्त झालं तर काय, असं आजीने विचारलं. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृत बिघडतं, आणि ते लगेच दिसत नाही. पहिल्या दिवशी पोर ओकेल, मलूल होईल, कधी तेवढंही होणार नाही. खरा बिघाड दोन-तीन दिवसांनी कळतो. त्यावरचा उतारा दवाखान्यात असतो आणि तो आठ तासांच्या आत दिला तर उत्तम लागू पडतो. म्हणून चुकून दुप्पट-तिप्पट गेल्याचं कळलं की लक्षणांची वाट न बघता बाटली हातात घेऊन निघायचं.

शेजारच्या मावशींचं म्हणणं होतं की मेडिकलमधून 'कडक' औषध आणावं, तासाभरात अंग गार पडतं. या कडक औषधांचा मला राग आहे. त्यांत बहुतेक वेळा आयबुप्रोफेन नाहीतर मेफेनॅमिक ॲसिड असतं. पावसाळ्यात ताप डेंग्यूचा असू शकतो आणि त्यात ही औषधं रक्तस्राव वाढवू शकतात. ॲस्पिरिनही पोरांना नको. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११पासून बंदी आहे.

त्या मुलाचं ओठ-तोंड सुकलेलं, सकाळपासून लघवी नाही. तापाच्या आकड्यापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटली. १०२ ताप असून पोर खेळत, पीत असेल तर थांबता येतं. १०० असून ते मान टाकत असेल तर थांबायचं नाही. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४च्या वर ताप गेला तर घरी औषध देऊन बघत बसणं नाहीच. आम्ही रिक्षाने मुलाला दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ताप उतरला तशी घरची माणसं त्याला घरी आणायची घाई करू लागली. डॉक्टरांनी सोडलं नाही. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात, हे त्यांनी आजीला समजावून सांगितलं. आणखी दोन दिवसांनी मूल घरी आलं.

ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आली. कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, ०.१ टक्क्याच्या वर जे नसावं ते ४८.६ टक्के होतं. मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, वीसहून अधिक मुलं गेली, कित्येकांना नागपूरला आणलं होतं. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १९८६ साली याच विषाने १४ माणसं दगावली होती, चौकशीला लेंटिन आयोग बसला होता. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच घडावं, याची चीड येते. आपल्याकडच्या एफडीएने कोल्ड्रिफचा एसआर-१३ हा बॅच नंबर जाहीर केला, तेव्हा बाया बाटल्या घेऊन माझ्या दारात आल्या. कुणी घाबरून साधं पॅरासिटामॉलही मोरीत ओतलं होतं. प्रत्येकीची बाटली उलटीपालटी करून बॅच नंबर कुठे असतो ते दाखवलं. दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचं औषध नकोच, असं केंद्राच्या आरोग्य विभागाने तेव्हा पुन्हा सांगितलं. ते मी घरोघर सांगत फिरले.

कोंढरीपाड्यातल्या त्या घरात आता कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने औषध दिल्याची वेळ लिहितात. आजीला लिहिता येत नाही, ती एक रेघ मारते आणि काकी आली की तिला वेळ सांगते. हे आम्ही आमच्या परीने करू. पण दुकानदाराने वजन न विचारता बाटली का द्यावी? अमेरिकेत २०११ साली कंपन्यांनी तान्ह्यांचं आणि मोठ्या मुलांचं पॅरासिटामॉल एकाच ताकदीचं करायचं ठरवलं, ५ एमएलमध्ये १६० मिलिग्रॅम, कारण याच गोंधळाने तिथेही मुलं जात होती. आपल्याकडेही तसं व्हायला हवं, आणि होईपर्यंत खोक्यावर कंपनीच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत, औषधाच्या ताकदीचा आकडा छापायला हवा. आमच्या बैठकीत मी हे दर वेळी मांडते, पुढच्या बैठकीतही मांडणार आहे.